शून्याजवळचा भागाकार



उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते. ते किती खाली गेले हे पाहण्यासाठी काठावर उभी असलेली मुले आत खडा टाकतात आणि 'डुबुक्' असा आवाज कानी येईपर्यंत अंक मोजतात. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असेल. आजचे माझे भाषण त्या खड्याविषयी आहे. खडा हातातून सुटल्यापासून पाण्यावर आपटेपर्यंत त्याचे काय होते, हे गणिताच्या नजरेने पाहावयाचे आहे. हाताशी पाटी किंवा कागद असेल तर घेऊन बसा. नसला तरी अडणार नाही. आकडे सोपे आहेत, आणि मी सावकाश सांगणार आहे.

विहिरीची खोली आपण अजूनही फुटांतच सांगतो, म्हणून फूटच धरू. हवेचा अडथळा सोडून द्या. आवाज वर येण्यास लागणारा थोडासा वेळही सोडून द्या. मग हिशेब असा येतो : पहिल्या सेकंदाच्या शेवटी खडा सुमारे १६ फूट खाली गेलेला असतो. दोन सेकंदांच्या शेवटी ६४ फूट, तीन सेकंदांच्या शेवटी १४४ फूट. सेकंदांचा वर्ग करावयाचा आणि त्याला १६ ने गुणावयाचे. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इटलीतील गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला.

आता माझा प्रश्न ऐका. खडा सुटून बरोबर एक सेकंद झाला, त्या क्षणी त्याचा वेग किती? पहिल्या सेकंदातला सरासरी वेग मी विचारीत नाही. तो १६ फूट, हे उघडच आहे. खडा सुरुवातीला हळू आणि पुढे जोरात जातो. मला हवा आहे तो त्या एका क्षणाचा वेग.

वेग म्हणजे काय, तर अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात खडा किती अंतर तोडतो? शून्य. आणि क्षणाला वेळ किती लागतो? तोही शून्यच. म्हणजे शून्य भागिले शून्य. येथे गाडी अडते. आठ भागिले दोन चार, कारण दोन चोक आठ. तसे शून्य भागिले शून्य किती म्हणावे? पाच म्हणा, शून्य पाचे शून्य, जुळले. सातशे म्हणा, तेही जुळले. ज्या प्रश्नाला कोणतेही उत्तर चालते त्या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणूनच शाळेत पहिल्यापासून बजावलेले असते की, शून्याने भागू नये.

मग करावयाचे काय? क्षणावर थेट उडी घेता येत नसेल तर त्याच्या जवळ जाऊन पाहू. पहिल्या सेकंदापासून दुसऱ्या सेकंदापर्यंत खडा १६ फुटांवरून ६४ फुटांवर गेला. ४८ फूट, एका सेकंदात. सरासरी वेग ४८. ही मुदत फार लांब झाली, अर्ध्या सेकंदाचीच घेऊ. दीड सेकंदाला खडा ३६ फुटांवर असतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात २० फूट, वेग ४०. आता सेकंदाचा दहावा भाग घ्या. अंतर ३.३६ फूट, वेग ३३.६. शंभरावा भाग घ्या, वेग ३२.१६. हजारावा भाग घ्या, ३२.०१६.

दुसऱ्या बाजूनेही येऊन पाहू. एक सेकंद पुरा होण्याच्या आधीचा दहावा भाग घेतला तर वेग ३०.४ येतो. आधीचा शंभरावा भाग घेतला तर ३१.८४. वरून येणारे आकडे खाली उतरत आहेत, खालून येणारे वर चढत आहेत, आणि दोघांच्या मध्ये ३२ उभा आहे.

एवढे आकडे मांडून झाल्यावर आकड्यांचा कंटाळा येतो, आणि तो येणे इष्ट आहे. कारण तेथेच अक्षर कामाला येते. मुदत किती लहान घ्यावयाची ते आता ठरवूच नका. तिला 'ह' म्हणा. एक अधिक ह या वेळी खडा कोठे असेल? एक अधिक ह याचा वर्ग, गुणिले १६. वर्ग विस्तारून लिहिला तर १ अधिक २ ह अधिक ह वर्ग. त्याला १६ ने गुणले : १६ अधिक ३२ ह अधिक १६ ह वर्ग. यातून आधीचे १६ फूट वजा करा. उरले ३२ ह अधिक १६ ह वर्ग. हे झाले अंतर. वेळ लागला ह. भागाकार करा. उत्तर ३२ अधिक १६ ह. मघाशी केलेले सगळे हिशेब या एका ओळीत आहेत. ह च्या जागी अर्धा ठेवा, ४० येतात. दहावा भाग ठेवा, ३३.६ येतात. आणि ह लहान करीत गेलो की ते मागचे १६ ह विरत जातात व ३२ उरतात. एक सेकंद झाला त्या क्षणी खड्याचा वेग सेकंदाला ३२ फूट.

याच रीतीला आमच्या वर्गात 'फर्स्ट प्रिन्सिपल' म्हणतात. मूलतत्त्वावरून अवकलज काढणे, असे मराठीत म्हणू. राशी थोडी वाढवा, फळ किती वाढले ते पाहा, फळाच्या वाढीला राशीच्या वाढीने भागा, आणि मग ती वाढ शून्याकडे नेऊन भागाकार कशाकडे जातो ते पाहा. अवकलन या शास्त्राचा सगळा डोलारा या चार पायऱ्यांवर उभा आहे.

आणि येथे मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती शिक्षक बंधुभगिनींनी विशेष ऐकावी.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी हाच भाग फळ्यावर शिकवीत होतो. खडू भराभर चालला होता. भागाकार झाला, ३२ अधिक १६ ह आले, आणि मी म्हणालो, "आता ह बरोबर शून्य ठेवा." दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वाडीवरून सायकलने येणारा, एरवी फारसा न बोलणारा. तो म्हणाला, "सर, ह शून्य असेल तर मघाशी त्याने भागलं कसं? आणि शून्य नसेल तर आता तो पुसला कसा?"

वर्गात खसखस पिकली. घंटा व्हायला पाच मिनिटे होती आणि मला आणखी दोन उदाहरणे करावयाची होती. मी म्हणालो, "परीक्षेत हे विचारीत नाहीत. खाली बैस." तो बसला.

त्या रात्री मी घरी कागद घेऊन त्याचे उत्तर लिहावयास बसलो. म्हटले, उद्या दोन वाक्यांत सांगून टाकू. ती दोन वाक्ये मला लिहिता येईनात. गणित घेऊन मी एम. ए. झालो होतो, सीमेची व्याख्या मला तोंडपाठ होती. पण त्या मुलाच्या प्रश्नाचा आणि त्या व्याख्येचा संबंध काय, हे मी स्वतःशी कधी बोललोच नव्हतो. मी उत्तरे पाठ केली होती, आणि पाठ केलेलीच शिकवीत होतो.

पुढे कळले की त्या मुलाचा प्रश्न फार थोर घराण्यातला होता. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात हे गणित उभे केले. लायब्निट्सचा त्यावरचा पहिला निबंध १६८४ सालचा. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७३४ साली, जॉर्ज बर्कली नावाच्या एका धर्मगुरूने एक पुस्तिका लिहून या गणितज्ञांची यथेच्छ टर उडविली. त्याचा आक्षेप नेमका हाच. आधी वाढ आहे असे धरता, तिच्या बळावर भागाकार करता, आणि काम झाले की वाढ नाहीच असे म्हणता; हा कोठला न्याय? बर्कलीचा हेतू काहीही असो, त्याचा प्रश्न खरा होता. उत्तरे बरोबर येत होती म्हणून लोक पुढे जात राहिले. पण समाधान होईल असे उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. फ्रान्समधील कोशी याच्या १८२१ च्या ग्रंथात ते आकारास आले आणि जर्मनीतील वायरश्ट्रास याने त्याला पक्की घडण दिली. जो प्रश्न युरोपातील मोठमोठ्या गणितज्ञांना शंभर वर्षे पुरला, तो विचारणाऱ्या मुलाला मी खाली बसविले होते.

ते उत्तर काय, ते आता सांगतो. साधे आहे, पण नीट ऐकले पाहिजे.

ह कधीच शून्य होत नाही. भागाकार करताना नाही आणि नंतरही नाही. आपण ह ला शून्य करीत नसून एक वेगळाच प्रश्न विचारीत आहोत : ह शून्याच्या जवळ जाताना हा भागाकार कोणत्या संख्येच्या जवळ जातो? 'जवळ' म्हणजे किती, याचा करार असा. तुम्ही मला सांगा, ३२ पासून किती अंतरावर चालेल? तुम्ही म्हणाल, दहाव्या भागाच्या आत पाहिजे. मी म्हणेन, मग ह एकशेसाठाव्या भागाहून लहान घ्या. १६ ह दहाव्या भागाहून कमी होतील. तुम्ही म्हणाल, छे, शंभराव्या भागाच्या आत पाहिजे. मी म्हणेन, ह सोळाशेव्या भागाहून लहान घ्या. तुम्ही कितीही कडक अट घाला, ती पुरी करणारा ह मी देऊ शकतो, आणि तो ह शून्य नसतो. हे वचन ३२ या एकाच संख्येबाबत पाळता येते. कोणी म्हणाला की ३२.१ का नको, तर त्याला सांगावे की ह पुरेसा लहान झाला म्हणजे भागाकार ३२.०५ च्याही खाली जातो, मग तो ३२.१ च्या जवळ कसला येतो! या एकमेव संख्येला सीमा म्हणावयाचे. आणि त्या सीमेलाच आपण त्या क्षणाचा वेग म्हणतो.

मग आम्ही शिक्षक 'ह शून्य ठेवा' असे का म्हणतो? तो एक जवळचा रस्ता आहे. भागाकार करून झाल्यावर जे उरले, ३२ अधिक १६ ह, त्यात शून्य ठेवण्यास काही अडचण नाही, आणि ठेवल्यावर येणारी किंमत व सीमा एकच आहेत. म्हणून तो रस्ता चालतो. पण भागाकाराच्या आधी तोच रस्ता धरला तर पुन्हा शून्य भागिले शून्य. सारी खुबी क्रमात आहे. आधी भागावयाचे, नंतर शून्याकडे जावयाचे.

गंमत अशी की, या क्रमाची जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख सापडला आहे. त्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, एक चमत्कारिक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळविले, तीनने गुणले, शून्याने भागले. उत्तर ६३ आले. तर ती संख्या कोणती? आजचा विद्यार्थी म्हणेल, शून्याने गुणले तेव्हाच सगळे संपले. आचार्य तसे म्हणत नाहीत. पुढे काही क्रिया शिल्लक असतील तर शून्याने गुणलेली राशी लगेच पुसून टाकू नका, तशीच राहू द्या, असा त्यांचा नियम आहे. मग शून्याने गुणले होते आणि शून्यानेच भागले, दोन्ही गेले. उरली संख्येची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट, ती ६३, तेव्हा संख्या १४. आणि या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही ते तेथे सांगतात.

तो उपयोग कोणता, याचा अंदाज करता येतो. 'सिद्धान्तशिरोमणी'त ते ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार करतात. चंद्राची गती दिवसभर सारखी नसते, म्हणून तिथी संपण्याची वेळ जवळ आली असता दिवसाची सरासरी गती धरून चालत नाही. त्या वेळची गती धरावी लागते. पंचांगातील तिथी अमुक घटकांना संपते, या साध्या नोंदीच्या मागे आपल्या खड्याचाच प्रश्न उभा आहे. एवढ्यावरून अवकलनशास्त्र आपल्याकडेच पुरते सिद्ध झाले होते असे काही उत्साही मंडळी म्हणतात. मला ते घाईचे वाटते. सीमेची व्याख्या तेथे नाही. पण 'पुसण्याची घाई करू नका' ही समज तेथे निश्चित आहे, आणि ती मला मोलाची वाटते.

नावाचेच पाहा. आज आपण अवकलन म्हणतो. एकोणिसाव्या शतकात मराठीत या गणिताला 'शून्यलब्धि' म्हणत. बाळशास्त्री जांभेकरांच्या पुस्तकांत या नावाचे पुस्तक आहे. लब्धि म्हणजे भागाकार केल्यावर हाती येते ते. शून्याजवळ जाऊन केलेल्या भागाकाराचे फळ, असा अर्थ मी त्यातून घेतो. हे नाव का मागे पडले कोण जाणे. मला ते आजच्या नावापेक्षा अधिक बोलके वाटते.

आता विहिरीवरून शेतात येऊ. एक चौरस शेत आहे. बाजू क्ष. क्षेत्रफळ क्ष वर्ग. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या बाजूने शेत ह इतके वाढविले. काय काय वाढले? दोन लांब पट्ट्या, प्रत्येक क्ष गुणिले ह. आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन, ह गुणिले ह. ही आकृती जमिनीवर काठीने काढून पाहा. एकूण वाढ २ क्ष ह अधिक ह वर्ग. ह ने भागा : २ क्ष अधिक ह. सीमा २ क्ष. मुले 'क्ष वर्गाचा अवकलज दोन क्ष' असे घोकतात; त्यातील दोन म्हणजे त्या दोन पट्ट्या होत, आणि जो गळून पडला तो कोपऱ्यातला चौकोन. पट्टी ह च्या प्रमाणात लहान होते आणि कोपरा ह च्या वर्गाच्या प्रमाणात. बाजू १०० आणि ह एक घेतला तर दोन पट्ट्या २००, कोपरा १. ह दहावा भाग घेतला तर पट्ट्या २०, कोपरा शंभरावा भाग. कोपरा फार लवकर हरतो. घनाचे असेच करून पाहा. तेथे तीन फरशा चढतात, म्हणून तीन क्ष वर्ग.

उलट बाजूनेही प्रश्न विचारता येतो. क्षेत्र वाढले तर बाजू किती वाढेल? येथे वर्गमूळ आले. क्ष अधिक ह याचे वर्गमूळ, वजा क्ष चे वर्गमूळ, भागिले ह. येथे सरळ भागाकार होत नाही. वर आणि खाली त्याच दोन वर्गमुळांच्या बेरजेने गुणावे लागते. म्हणजे वर वर्गांची वजाबाकी होऊन नुसता ह उरतो, तो खालच्या ह शी जातो, आणि राहते एक भागिले दोन वर्गमुळांची बेरीज. ह शून्याकडे गेला की ती दोन वर्गमुळे एकच होतात. उत्तर : एक भागिले दोनदा क्ष चे वर्गमूळ. मुले ही युक्ती जादू म्हणून पाठ करतात. ती जादू नाही. भागाकार अडला होता, कारण ह वर्गमुळाच्या आत दडला होता. त्याला बाहेर काढल्याशिवाय त्याने भागता येईना, एवढेच.

याचा उपयोग पाहा. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक हेक्टरचे बरोबर चौरस शेत, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. बाजू १०० मीटर. त्यात एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर, मिळवून पुन्हा चौरसच करावयाचे झाले तर बाजू किती? अवकलज सांगतो की, एक चौरस मीटरमागे बाजू मीटरच्या दोनशेव्या भागाने वाढते. शंभर चौरस मीटरला अर्धा मीटर. बाजू १००.५ मीटर. खरे वर्गमूळ काढले तर १००.४९८८ येते. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर! आणि हे आपण तोंडी केले.

आणखी एक रोजच्या व्यवहारातले. तालुक्याचे गाव ६० किलोमीटर. ताशी क्ष वेगाने गेले तर ६० भागिले क्ष इतके तास लागतात. वेग थोडा वाढविला तर वेळ किती वाचेल? एक भागिले क्ष अधिक ह, वजा एक भागिले क्ष. छेद सारखे केले की वर राहते वजा ह, खाली क्ष गुणिले क्ष अधिक ह. ह ने भागले, आणि सीमा घेतली : वजा एक भागिले क्ष वर्ग. ते वजा चिन्ह पुष्कळ मुले विसरतात. त्यांना विचारावे, वेग वाढल्यावर वेळ वाढतो की कमी होतो? म्हणजे चिन्ह आपोआप आठवते. आता आकडे घाला. वेग ताशी ३० असताना तो एकाने वाढविला तर वेळ सुमारे ४ मिनिटांनी वाचतो. ताशी ६० असताना एकाने वाढविला तर सुमारे एकच मिनिट. आधीच जोरात असलेल्या गाडीला आणखी जोर देऊन हाती फारसे लागत नाही. मोटारसायकलवाल्या तरुण मंडळींनी हा अवकलज करून पाहण्यासारखा आहे.

त्रिकोणमितीतील ज्येचा, म्हणजे साइनचा, अवकलज रेडिओवरून करणे अवघड. तो आकृतीशिवाय रुचत नाही. एकच सांगतो. तेथे सगळा प्रश्न एका सीमेवर येऊन ठेपतो : लहान कोनाची ज्या भागिले तो कोन. कोन रेडियनमध्ये मोजला तर ही सीमा एक येते. अंशांत मोजला तर सुमारे ०.०१७४५ असला ओबडधोबड आकडा येतो आणि पुढे प्रत्येक सूत्रात मागे लागतो. रेडियन हे माप कशासाठी काढले, या मुलांच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर हे आहे. ते पहिल्या दिवशी नव्हे, या दिवशी द्यावे.

आता पुन्हा विहिरीकडे. समजा, विहीर कोरडी आहे आणि बरोबर ६४ फूट खोल आहे. दोन सेकंद झाले, खडा तळाशी आपटला आणि तेथेच चिखलात रुतला. त्या क्षणी त्याचा वेग किती? आधीच्या बाजूने जवळ जा : ६२.४, ६३.८४, अशी वाटचाल ६४ कडे जाते. नंतरच्या बाजूने जा : खडा हलतच नाही, भागाकार नेहमी शून्य. एका बाजूने ६४, दुसऱ्या बाजूने शून्य. दोन्ही बाजू एका संख्येवर भेटत नाहीत. म्हणून त्या क्षणाला अवकलजच नाही. हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो, कारण सूत्रे पाठ असलेला विद्यार्थी येथे बेधडक ६४ लिहून मोकळा होतो. मूलतत्त्वावरून जाणाऱ्यालाच कळते की येथे थांबले पाहिजे. एखाद्या ठिकाणीच असा कोपरा असतो असेही नाही. वायरश्ट्रासने १८७२ साली असा एक अखंड वक्र दाखवून दिला की, ज्याला कोणत्याच बिंदूपाशी अवकलज नाही. पण तो विषय आजचा नव्हे.

शिक्षकांशी दोन शब्द बोलतो. अलीकडे मोबाइलवर सूत्र घातले की अवकलज क्षणात समोर येतो. मग मुलगा विचारतो, "एवढ्या पायऱ्या कशाला?" त्याला रागावू नये. मी आता वर्गात पहिला तास सूत्राचा काढीतच नाही. खड्याच्या आकड्यांचा तक्ता मुलांकडूनच करवून घेतो. बेरीज-वजाबाकी चुकली तरी चालते, शेजारचा दुरुस्त करतो. ३२ हा आकडा मी उच्चारीत नाही, मुलांच्या तोंडून येऊ देतो. कोणी तरी म्हणतेच, "सर, हे बत्तिसाकडं चाललंय." तेव्हाच अक्षर फळ्यावर येते. दुसरे असे की, 'सीमा' हे चिन्ह प्रत्येक ओळीत लिहावयास लावतो, आणि ज्या ओळीत ह खरोखर गेला त्या ओळीत ते काढून टाकावयास लावतो. मुले एक तर ते पहिल्या ओळीतच विसरतात, नाही तर शेवटच्या उत्तरापुढेही लावून ठेवतात. दोन्ही चुकांचा अर्थ एकच, ह कोठे गेला हे त्यांना माहीत नाही. येथे अर्धा गुण कापण्यापेक्षा मुलाला जवळ बोलावून "तुझा ह कोणत्या ओळीत गेला?" एवढे विचारावे. उत्तर देताना त्याचे त्यालाच कळते.

आणि कोणी उभे राहून विचारले की भागले कसे आणि पुसले कसे, तर घंटेकडे पाहू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. आठवड्याने मी वर्गात त्याचा प्रश्न पुन्हा मांडला. प्रश्न कोणाचा तेही सांगितले, माझे चुकले असेही म्हणालो, आणि जे मघाशी तुम्हाला सांगितले ते सारे सांगितले. त्याने ते वहीत उतरवून घेतले. वर्षभरात त्याने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण सोडून जातो. गोल विहीर आहे, मध्यापासून काठापर्यंतची त्रिज्या क्ष. सगळीकडून ह इतकी खोदून ती रुंद केली, तर तोंडाचे क्षेत्रफळ किती वाढेल? मूलतत्त्वावरून काढा. पायची किंमत घालू नका, पाय तसाच ठेवा. उत्तर येईल दोन पाय क्ष, म्हणजे बरोबर विहिरीचा परीघ. काठाकाठाने एक बारीक कडे वाढले, असा त्याचा अर्थ. आता मघाचे चौरस शेत आठवा. त्याची परिमिती चार क्ष, पण अवकलज मात्र दोन क्ष, म्हणजे निम्मीच! विहिरीला पूर्ण काठ मिळाला आणि शेताला अर्धाच, असे का? उत्तर मी मुद्दाम सांगत नाही. एवढेच सुचवितो की, विहीर कोणकोणत्या बाजूंनी वाढली आणि शेत कोणत्या बाजूंनी, हे जमिनीवर काढून पाहा. आणि शेताची बाजू एका कोपऱ्यापासून न मोजता मध्यापासून मोजली तर काय होते, तेही करून पाहा.